हळदीची कॅप्सूल आणि मेंदूतला दाह

सांडोर गावातच काय, वसई-विरारमधल्या कुठल्याही औषधाच्या दुकानात आता काचेमागे हळदीच्या कॅप्सूलची बाटली दिसते. सांधेदुखीसाठी म्हणून ती खपतेच, पण अलीकडे तिच्या गुणांत स्मरणशक्तीचीही भर पडली आहे. घरातलं सत्तरी ओलांडलेलं माणूस एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागलं, की कुणीतरी हमखास ती बाटली सुचवतं. त्यामागचा तर्क वरवर बिनचूक वाटतो. अल्झायमर आणि पार्किन्सन या आजारांत मेंदूत दाह होतो, असं शास्त्रज्ञ सांगतात. हळद दाह कमी करते. म्हणून हळद घ्यावी. यातलं पहिलं विधान खरं आहे. दुसरंही प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीपुरतं खरं आहे. तिसरं मात्र या दोहोंतून निघत नाही. मेंदूतला दाह हा या आजारांचा नुसता परिणाम नाही, तो त्यांच्या कारणांमध्येही बसतो, हे आता नाकारण्यासारखं राहिलेलं नाही. पण ज्या पेशी हा दाह निर्माण करतात त्याच पेशी मेंदू सांभाळतातही, आणि त्यांना सरसकट गप्प केलं तर रोगी सुधारतोच असं नाही, कधीकधी बिघडतोही. ही अडचण बाटलीवरच्या लेबलात मावत नाही.

आधी दाह म्हणजे इथे काय, ते पाहू. मेंदूला सूज आली असं आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर मेंदूज्वर येतो: ताप, झटके, बेशुद्धी, आणि काही दिवसांत आर किंवा पार. अल्झायमरमधला दाह तसा नसतो. ताप नाही, डोकेदुखी नाही, साध्या स्कॅनमध्ये तो दिसतही नाही. तो पंधरा-वीस वर्षं मंद धुमसत राहतो आणि विसरभोळेपणा घरच्यांच्या लक्षात येईपर्यंत बराच पुढे गेलेला असतो. या दाहाच्या मध्यभागी असलेल्या पेशींना मायक्रोग्लिया म्हणतात. स्पेनच्या पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये त्या वेगळ्या ओळखून त्यांना हे नाव दिलं. त्याआधी, नोव्हेंबर १९०६ मध्ये, ट्युबिंगेनच्या सभेत आलॉइस अल्झायमर यांनी ऑगस्टे डेटर या रुग्णेच्या मेंदूतल्या गुठळ्या आणि गुंते यांचं वर्णन केलं होतं. चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींत झालेले बदलही त्यांनी नोंदवले होते. पुढची सत्तर-ऐंशी वर्षं सगळ्यांचं लक्ष गुठळ्यांवर राहिलं. मेंदू हा रक्तापासून पडद्याने वेगळा केलेला अवयव, तिथे प्रतिकारशक्तीचं काय काम, अशी समजूत होती.

ती समजूत आता टिकत नाही. मायक्रोग्लिया या रक्तातून मेंदूत घुसलेल्या पाहुण्या पेशी नव्हेत. गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत त्या पीतक कोशात जन्मतात आणि मेंदू घडत असतानाच तिथे वस्ती करतात, हे २०१० मध्ये उंदरांत स्पष्ट झालं. त्याआधी २००५ मध्ये जिवंत उंदराच्या मेंदूत सूक्ष्मदर्शकाने डोकावल्यावर दिसलं, की निवांत समजल्या जाणाऱ्या या पेशी आपल्या फांद्या सतत हलवत आजूबाजूचा कानाकोपरा चाचपत असतात. वसईत केळीची बाग ज्याने पाहिली आहे त्याला त्यांचं काम समजायला वेळ लागणार नाही. वाडीवाला वाळलेली पानं काढतो, जादा पिल्लं छाटतो, कीड लागलेलं खोड बाहेर टाकतो. पण हाच कोयता बेताल चालला तर उभी केळ आडवी होते. मायक्रोग्लिया मेलेल्या पेशी गिळतात, प्रथिनांचा कचरा उचलतात आणि वाढत्या मेंदूत नको असलेले चेतासंधी छाटतात. बेथ स्टीव्हन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवलं, की अल्झायमरचा नमुना म्हणून घडवलेल्या उंदरांत हीच छाटणी अवेळी पुन्हा सुरू होते आणि गुठळ्या नीट जमण्याच्या आधीच चांगले चेतासंधी नाहीसे होऊ लागतात. आठवण ज्या जोडणीत राहते ती जोडणीच तुटते.

माणसांतला पुरावा याच्याही आधीचा आहे. व्हँकुव्हरचे पॅट्रिक आणि इडिथ मॅकगीर या दांपत्याने १९८० च्या दशकात मृत रुग्णांच्या मेंदूंचे काप तपासले. अल्झायमरच्या गुठळ्यांभोवती आणि पार्किन्सनमध्ये निकामी होणाऱ्या भागात त्यांना चेतलेल्या मायक्रोग्लियांची गर्दी दिसली. त्याहून बोलका पुरावा कॅलिफोर्नियातला. १९८२ मध्ये तिथले काही तरुण नशेसाठी भेसळयुक्त बनावट हेरॉइन टोचून घेऊन काही दिवसांत पार्किन्सनच्या रुग्णांसारखे ताठरले. त्यातल्या एमपीटीपी नावाच्या विषाने डोपामिन बनवणाऱ्या पेशी मारल्या होत्या, हे विल्यम लँगस्टन यांनी शोधून काढलं. यांपैकी तिघांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले गेले आणि तो अहवाल १९९९ मध्ये आला. विष शरीरात गेल्याला तीन ते सोळा वर्षं उलटली होती, विषाचा मागमूस नव्हता, पण मायक्रोग्लिया अजून चेतलेल्याच होत्या आणि पेशींचा नाश चालूच असल्याच्या खुणा होत्या. ठिणगी विझल्यावरही धग स्वतःच्या जोरावर टिकते, असा याचा सरळ अर्थ होतो.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. आग लागली तिथे बंबवाले असणारच. म्हणून आग त्यांनी लावली असं कसं म्हणता येईल? मूळ दोष प्रथिनांचा आहे, दाह मागून येतो, असं मानणारे शास्त्रज्ञ आजही आहेत आणि त्यांच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. वसईहून फार लांब नसलेल्या पवईच्या आयआयटीत समीर माजी यांची प्रयोगशाळा याच प्रथिनांचा अभ्यास करते. पार्किन्सनशी निगडित असलेलं अल्फा-सायन्युक्लिन हे प्रथिन आधी द्रवाच्या सूक्ष्म थेंबांत गोळा होतं आणि मग ते थेंब घट्ट होत जाऊन त्यांतून धाग्यांसारख्या गुठळ्या तयार होतात, असं या गटाने २०२० मध्ये दाखवलं. त्या परीक्षानळीत मायक्रोग्लिया नव्हत्याच. म्हणजे गुठळी व्हायला दाह लागतोच असं नाही.

गुठळी कशी होते आणि माणूस आजारी कसा पडतो हे मात्र दोन वेगळे प्रश्न आहेत. मेंदूत भरपूर गुठळ्या असूनही शेवटपर्यंत शुद्धीत, हिशेबात आणि देवधर्मात पक्की राहिलेली म्हातारी माणसं शवविच्छेदनात वारंवार आढळली आहेत. कारण आणि परिणाम यांचा तिढा सोडवायला आनुवंशिकशास्त्र मदतीला आलं. जनुकं जन्माबरोबर येतात, आजारामुळे ती बदलत नाहीत. त्यामुळे एखाद्या जनुकातला फरक आजाराची शक्यता वाढवत असेल तर तो फरक कारणाच्याच बाजूला बसतो. २०१३ मध्ये आइसलँडमधल्या आणि लंडनच्या पुढाकाराने काम करणाऱ्या अशा दोन गटांनी एकाच वेळी जाहीर केलं, की ट्रेम-२ नावाच्या जनुकातला एक दुर्मीळ बदल अल्झायमरचा धोका सुमारे तिप्पट करतो. हे जनुक मेंदूत जवळजवळ फक्त मायक्रोग्लियांतच काम करतं. दाह हा निव्वळ परिणाम आहे, या म्हणण्याला त्या दिवसापासून फारसा आधार उरला नाही.

हाच शोध दुसऱ्या बाजूलाही कापतो, आणि प्रसिद्धीत ही बाजू बहुधा गळते. ट्रेम-२ मधला तो बदल मायक्रोग्लियांना आक्रमक करत नाही, अधू करतो. अधू मायक्रोग्लिया गुठळ्यांभोवती नीट गोळा होत नाहीत, कचरा आवरत नाहीत, आणि धोका वाढतो. म्हणजे ज्या पेशींना आपण गुन्हेगार ठरवायला निघालो, त्यांची ताकद कमी झाली की आजार बळावतो. तेव्हा दाह वाईट, तो विझवा, हे सूत्र इथेच अडखळतं. कुठल्या टप्प्यावरचा दाह, कुठल्या पेशीचा, कशाविरुद्धचा, हे विचारल्याखेरीज पुढे जाता येत नाही.

सूत्र साधं होतं तेव्हा त्याची परीक्षाही झाली. संधिवातासाठी वर्षानुवर्षं वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्यांत अल्झायमर कमी दिसतो, असं मॅकगीर यांनी १९९० मध्ये सुचवलं होतं. रॉटरडॅममधल्या सुमारे सात हजार लोकांचा माग ठेवणाऱ्या अभ्यासात २००१ मध्ये तसंच दिसलं: दोन वर्षं किंवा जास्त काळ अशा गोळ्या घेणाऱ्यांत अल्झायमर बराच कमी. आशा वाढली. मग अमेरिकेत सत्तरीच्या वरच्या, घरात हा आजार असलेल्या अडीच हजार निरोगी लोकांना नेप्रोक्सेन, सेलेकॉक्सिब किंवा बिनऔषधी गोळी देऊन पाहण्यात आलं. हृदयाला असलेल्या धोक्याच्या शंकेमुळे डिसेंबर २००४ मध्ये ती चाचणी थांबवावी लागली, आणि संरक्षण मिळाल्याचं काही दिसलं नाही. आधीच आजारी असलेल्यांवरच्या चाचण्याही अशाच रिकाम्या हाताने संपल्या. औषध फार उशिरा दिलं, असं यावर म्हणतात, आणि ते अशक्य नाही. पण चाळिशीपासून सत्तरीपर्यंत रोज वेदनाशामक खाऊन जठर, मूत्रपिंडं आणि हृदय यांची जी दशा होईल ती पाहता, उशीर झाला होता हे खरं निघालं तरी तो सल्ला देता येण्यासारखा नाही.

मिनोसायक्लिन या औषधाची कहाणी याहून शिकवणारी आहे. तिचा एक धागा आपल्याकडेच निघतो. १९६५ मध्ये नागपूरच्या चांदीपुरा भागातल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला एक नवा विषाणू सापडला, आणि त्या वस्तीचं नाव त्याला मिळालं. तो बरीच वर्षं निरुपद्रवी समजला गेला. २००३ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात आंध्र प्रदेशात ३२९ मुलं मेंदूज्वराने आजारी पडली, त्यांतली १८३ दगावली, आणि संशयाचं बोट याच विषाणूकडे गेलं. हा विषाणू आणि जपानी मेंदूज्वराचा विषाणू मेंदूतल्या पेशींचं काय करतात, याचा अभ्यास हरियाणातल्या मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात अनिर्बन बसू यांच्या गटाने अनेक वर्षं केला आहे. त्यांच्या कामातून पुढे आलेली एक गोष्ट अशी, की जपानी मेंदूज्वरात चेतापेशी केवळ विषाणूने मरत नाहीत; विषाणूला पाहून खवळलेल्या मायक्रोग्लिया जी रसायनं सोडतात त्यांनीही मरतात. मुरमांवर आणि साध्या संसर्गांवर वापरलं जाणारं मिनोसायक्लिन हे जुनं प्रतिजैविक मायक्रोग्लियांना शांत करतं. ते दिल्यावर बाधित उंदीर वाचू लागले, असं या गटाने २००८ मध्ये नोंदवलं.

उंदरापासून माणसापर्यंतची वाट लखनऊच्या किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठात चालून पाहण्यात आली. मेंदूज्वराच्या २८१ रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल २०१६ मध्ये आला. पहिला दिवस काढलेल्यांत थोडा फायदा झाल्यासारखं वाटलं, पण एकंदर निकाल ठोस म्हणता येण्याइतका स्पष्ट नव्हता. तीव्र आजारातली ही स्थिती. मंद आजारांत काय झालं? स्नायू लुळे पाडणाऱ्या एएलएस या आजारातल्या ४१२ रुग्णांवर अमेरिकेत मिनोसायक्लिन वापरलं गेलं. उंदरांत त्याने आयुष्य वाढवलं होतं. माणसांत रुग्णांची शक्ती बिनऔषधी गटापेक्षा पंचवीस टक्के अधिक वेगाने ओसरली, असा निकाल २००७ मध्ये लागला. ब्रिटनमध्ये सौम्य अल्झायमरच्या ५४४ रुग्णांना दोन वर्षं ते देऊन पाहिलं, आणि २०२० मध्ये कळलं की काहीच फरक पडला नाही. एकच औषध, एकाच प्रकारच्या पेशींवर, तीन आजारांत: एकात कदाचित थोडं उपयोगी, एकात व्यर्थ, एकात हानिकारक. मेंदूतला दाह ही एक वस्तू असती तर हे असं झालं नसतं.

आता हळदीकडे. ती आपल्या स्वयंपाकघरातली असल्याने तिच्याबद्दल बोलताना अभिमान मध्ये येतो. जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकेने दिलेलं पेटंट रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने १९९७ मध्ये रद्द करवलं, हे आठवून आजही छाती फुगते आणि ते योग्यच आहे. पण हे ज्ञान जुनं आहे, अमेरिकेत नव्याने शोधलेलं नाही, एवढंच त्या लढ्याने सिद्ध केलं. हळद प्रत्येक रोगावर चालते असा निकाल तिथे लागला नव्हता. अल्झायमरच्या बाबतीत सुरुवात २००१ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या ग्रेग कोल आणि सॅली फ्राउत्शी यांच्या गटाने केली. हळदीतलं करक्युमिन चारल्यावर उंदरांच्या मेंदूतल्या गुठळ्या आणि दाह दोन्ही कमी झाले. मग हाँगकाँगमध्ये ३४ रुग्णांवर सहा महिने आणि लॉस एंजेलिसमध्ये ३६ जणांवर चोवीस आठवडे प्रयोग झाले. दोन्हीकडे फायदा दिसला नाही. मोठं कारण हे, की तोंडावाटे घेतलेलं करक्युमिन रक्तात फारच थोडं पोचतं आणि मेंदूत त्याहून थोडं. शिवाय हळदीच्या पुडीत ते शेकडा तीनच्या आसपास असतं. कढीतल्या चिमूटभर हळदीचा हिशेब वाचकांनीच करावा. विरुद्ध पुरावाही सांगायला हवा. रक्तात जास्त शिरणारं खास करक्युमिन ४० निरोगी प्रौढांना दीड वर्ष दिल्यावर स्मरणचाचणीत सुधारणा झाली, असं २०१८ मध्ये लॉस एंजेलिसच्याच एका गटाने म्हटलं. चाळीस माणसांचा हा प्रयोग पुढच्या मोठ्या प्रयोगाला आमंत्रण आहे. बाटली विकायला तो पुरेसा नाही. उलट, शोषण वाढवण्यासाठी मिरीचा अर्क घातलेल्या कॅप्सूलनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी अनेक देशांत झाल्या आहेत.

यावर ठरलेलं उत्तर येतं: मग भारतात अल्झायमर कमी का? या प्रश्नाचा उगम हरियाणातल्या बल्लभगढच्या अभ्यासात आहे. तिथल्या खेड्यांत पासष्टीच्या पुढच्या हजार जणांमागे वर्षाला पाचहून कमी नवे रुग्ण आढळले, तर तशाच पद्धतीने तपासलेल्या पेनसिल्व्हेनियातल्या मोनोंगाहेला खोऱ्यात साडेसतरा. मुंबईत व्हास, पिंटो आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत पासष्टीच्या पुढे स्मृतिभ्रंशाचं प्रमाण शेकडा २.४४ भरलं. हे आकडे जगभर फिरले आणि कुणीतरी ते आमटीला चिकटवले. पण बल्लभगढच्या संशोधकांनी जनुकंही तपासली होती, आणि अल्झायमरचा धोका वाढवणारं एपीओई-४ हे रूप तिथे पेनसिल्व्हेनियापेक्षा कमी होतं. शिवाय आजार झालेली माणसं इथे लवकर दगावतात, त्यामुळे मोजणीत कमी सापडतात. आणि मोजण्याचं साधन काय होतं, हाही प्रश्न आहेच. शाळेत न गेलेल्यांसाठी बल्लभगढमध्ये चाचणी मुद्दाम हिंदीत बांधावी लागली. वसई पट्ट्यात कादोडी, वाडवळी किंवा कोळी बोलीत आयुष्य काढलेल्या आजीला प्रमाण मराठीत वार, महिना आणि उलटे आकडे विचारले तर तिच्या उत्तरावरून काय निष्कर्ष काढायचा? ती विसरली, की तिला प्रश्नच परका वाटला? देशभरातल्या प्रातिनिधिक नमुन्यावर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने साठीच्या पुढचं प्रमाण शेकडा ७.४, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असं धरलं आहे. खेड्यांत ते शहरांपेक्षा जास्त आणि स्त्रियांत पुरुषांपेक्षा जास्त आहे. हळद खेड्यांतही खातात आणि स्त्रियाही खातात.

मुंबईचा आणखी एक आकडा या बाबतीत विचार करायला लावतो. नादिर भरुचा आणि सहकाऱ्यांनी पारशी वसाहतींत घरोघर जाऊन केलेल्या पाहणीत पार्किन्सनचं प्रमाण लाखामागे ३२८ आढळलं. हे १९८८ मध्ये प्रसिद्ध झालं. तेव्हा भारतातल्या इतर पाहण्यांपेक्षा हा आकडा कितीतरी मोठा होता. या समाजात वृद्धांचं प्रमाण जास्त आणि आपसांतली लग्नं पिढ्यान्‌पिढ्यांची, हे त्यामागे असावं. पार्किन्सन म्हणजे अल्झायमर नव्हे, त्यामुळे यातून हळदीविरुद्ध थेट काही सिद्ध होत नाही. पण ज्या धनसाकात हळद सढळ पडते त्याच ताटावर बसणाऱ्या माणसांत दाहाशी जोडलेला एक मेंदूरोग इतका असावा, हे मसाल्यांच्या कवचकुंडलांवर विश्वास ठेवणाऱ्यांनी तरी विसरू नये.

देशी औषधाला विरोध म्हणून हे लिहिलेलं नाही. खाजकुइलीचं उदाहरण याच मुंबईतलं आहे. कोकणातल्या कुंपणांवर चढणारी, शेंगेला हात लागला की अंग खाजवायला लावणारी ही वेल. तिच्या बियांत लेव्होडोपा, म्हणजे ज्यापासून मेंदूत डोपामिन बनतं तो पदार्थ, आहे हे १९३७ मध्ये मद्रासला दामोदरन आणि रामस्वामी यांनी दाखवलं. १९७८ मध्ये डॉ. अशोक वैद्य यांनी, नामवंत मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया यांच्यासह, पार्किन्सनच्या रुग्णांवर तिच्या बियांच्या चूर्णाचा परिणाम तपासून छापला. पुढे लंडनमध्ये आठ रुग्णांवर, डॉक्टरला आणि रुग्णाला दोघांनाही कोणतं औषध दिलं ते न कळू देता, तिची नेहमीच्या गोळीशी तुलना झाली; ती लवकर लागू पडली आणि तिचा असर जास्त वेळ टिकला, असं २००४ मध्ये नोंदवलं गेलं. इथे रेणू माहीत होता, मेंदूत डोपामिनची उणीव माहीत होती, आणि रुग्णाची चाल घड्याळ लावून मोजता येत होती. हळदीच्या बाबतीत यातलं एकही पाऊल अजून पक्कं पडलेलं नाही. तेव्हा विलायती की देशी हा वाद इथे गैरलागू आहे. आणि खाजकुइलीनेसुद्धा दाह कमी होत नाही, फक्त उणीव भरून निघते.

मग दाहाबद्दलच्या या सगळ्या ज्ञानाचा सामान्य माणसाला उपयोग काय? माझ्या मते तो मेंदूच्या बाहेर शोधावा लागतो. शरीरातला दाह मेंदूपर्यंत निरोप पोचवतो. आटोक्यात नसलेला मधुमेह, वाढलेला रक्तदाब आणि तंबाखू रक्तवाहिन्यांची अस्तरं खराब करतात, मेंदूभोवतीचा पडदा सैल होतो आणि मायक्रोग्लिया चेततात. मोठ्या संसर्गानंतर म्हातारं माणूस रुग्णालयात बरळू लागतं आणि घरी आल्यावर पूर्वीसारखं राहत नाही, हा अनुभव आपल्याकडे घरोघरी आहे. लॅन्सेटच्या आयोगाने २०२४ मध्ये बदलता येण्यासारखी चौदा कारणं मोजली: रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, दूषित हवा, बहिरेपण, एकटेपण वगैरे. ती सगळी जगातून हटवता आली तर स्मृतिभ्रंशाच्या शेकडा ४५ घटना टळतील किंवा लांबतील, असा त्यांचा अंदाज आहे. हा आकडा मी थोडा हात राखून वाचतो, कारण वेदनाशामकांच्या बाबतीत पाहणीत दिसलेला फायदा चाचणीत उडून गेला होता आणि यातलाही बराचसा पुरावा पाहणीचाच आहे. पण एक मोठा फरक आहे. रक्तदाबाची गोळी घेऊन स्मृतिभ्रंश टळला नाही तरी अर्धांगवायू टळतो; पैज हरली तरी पैसे बुडत नाहीत.

वेल्समधून आलेला पुरावा पाहणीच्या या दोषातून बराचसा सुटतो. तिथे २०१३ मध्ये नागिणीची लस सुरू झाली तेव्हा नियम असा होता, की २ सप्टेंबर १९३३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनाच ती मिळेल. एका आठवड्याच्या फरकाने जन्मलेली, बाकी सर्व बाबतींत सारखी माणसं त्यामुळे दोन गटांत वाटली गेली. सात वर्षांनी लस घेतलेल्यांत स्मृतिभ्रंशाच्या नव्या निदानांचं प्रमाण सुमारे पाचव्या हिश्शाने कमी दिसलं. फायदा स्त्रियांत अधिक होता. हा निकाल २०२५ मध्ये नेचरमध्ये आला. नागिणीचा विषाणू कांजिण्यांनंतर आयुष्यभर मज्जातंतूंत दडून राहतो आणि अधूनमधून डोकं वर काढतो. तो दडपून ठेवल्याने मेंदूतला दाह कमी होत असावा, किंवा लसच प्रतिकारशक्तीला वेगळी शिस्त लावत असावी. नेमकं काय, ते कळायचं आहे. भारतात नागिणीची लस मिळते, पण ती महाग आहे आणि वेल्समधली लस वेगळ्या प्रकारची होती, हेही लक्षात ठेवायला हवं.

औषधांच्या आघाडीवरही मायक्रोग्लियांचा दुहेरी स्वभाव पुन्हा पुन्हा समोर येतो. लेकॅनेमॅब हे औषध गुठळ्यांना चिकटतं, पण त्या गिळण्याचं काम मुख्यतः मायक्रोग्लियांनाच करावं लागतं. १,७९५ रुग्णांवरच्या दीड वर्षाच्या चाचणीत त्याने अठरा गुणांच्या मापावर ०.४५ गुणांचा फरक पाडला, म्हणजे घसरण सुमारे २७ टक्क्यांनी मंदावली. आणि आठातल्या एकाच्या मेंदूत सूज आल्याचं एमआरआयमध्ये दिसलं. मायक्रोग्लियांना कामाला लावण्याची किंमत ही अशी चुकवावी लागते. ट्रेम-२ ला चालना देणारं एक औषध २०२४ मध्ये चाचणीत पडलं. मधुमेह आणि वजन यांवर गाजलेलं सेमाग्लुटाइड दाह कमी करतं म्हणून अल्झायमरवर आजमावलं गेलं, तेही २०२५ मध्ये घसरण मंदावू शकलं नाही. संशोधन फसलं असा याचा अर्थ नाही. पेशींचा कोणता टप्पा रोखायचा आणि कोणता चालू द्यायचा हे ओळखण्याचं साधन अजून हाती नाही, एवढंच यावरून ठरतं.

दाह दाबून टाकणं हाच बरोबर उपाय असतो, असाही एक प्रकार आहे, आणि तो हातून निसटतो म्हणून मुद्दाम सांगायचा. होसेप दालमाऊ यांनी २००७ मध्ये वर्णन केलेल्या आणि नंतर सापडत गेलेल्या काही आजारांत शरीराची प्रतिपिंडं थेट मेंदूच्या पेशींवर हल्ला करतात. तरुण मुलगी अचानक विचित्र वागू लागते, बोलणं बंद होतं, झटके येतात. किंवा साठीतल्या गृहस्थांची स्मृती महिन्याभरात उडते. अशांना बाहेरची बाधा किंवा वेड समजून इकडे-तिकडे फिरवलं जातं. वेळेवर निदान होऊन स्टेरॉइड आणि प्रतिपिंडं आवरणारे उपचार मिळाले तर यांतले बरेच जण पुन्हा कामाला लागतात. फरक वेगावरून ओळखता येतो. अल्झायमर वर्षांच्या हिशेबाने सरकतो, हा आजार आठवड्यांच्या. तशीच ब-१२ ची उणीव, थायरॉइडचा बिघाड आणि डोक्याला मार लागून साचलेलं रक्त ही कारणंही साध्या तपासण्यांत सापडतात आणि त्यांवर उपचार आहेत. घरातल्या माणसाची आठवण दिवाळीला ठीक होती आणि नाताळपर्यंत ढासळली असेल, तर त्या सहा-आठ आठवड्यांत मेंदूविकारतज्ज्ञ गाठायला हवा, रक्ताची तपासणी आणि एमआरआय व्हायला हवा. बाटली आणून परिणामाची वाट पाहण्यात नेमके तेच आठवडे जातात.